एकोणीस, पस्तीस, अठ्ठेचाळीस

सप्टेंबर महिना, मंगळवार, सकाळचे सात वाजून बावन्न मिनिटं. सिद्धेश्वर धरणाच्या फुगवट्यात आमचं हेलिकॉप्टर विजेच्या तारेला लागून पाण्यात पडलं. आत तीन जण होते. मेजर सूद आणि मी बाहेर आलो. कॅप्टन ललित बिष्ट आले नाहीत.

हे वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली. आता लिहून झालं आहे, तर पुढचं क्रमाने सांगतो.

मी हवालदार उत्तम खिल्लारे, राहणार साखरा, तालुका सेनगाव. सैन्यात सतरा वर्षं होतो. त्यातली शेवटची नऊ आर्मी एव्हिएशनमध्ये, एव्हिऑनिक्स टेक्निशियन म्हणून. हेलिकॉप्टरमधलं रेडिओ, कंपास, जीपीएस असं जे काही विजेवर चालतं, ते माझ्या ताब्यात असे. उडवणं माझं काम नव्हतं. पण आमची हेलिकॉप्टरं लहान, एका इंजिनाची. तळापासून दूर जायचं असलं की वैमानिकांबरोबर एक टेक्निशियन मागच्या सीटवर बसायचा. बहुतेक वेळा तो मी असायचो.

जीपीएसबद्दल थोडं सांगावं लागेल. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

मोबाइलमधला जीपीएस बोलतो, रस्ता दाखवतो, चुकलात तर परत वळा म्हणतो. आमचा तसा नव्हता. पॅनलच्या मधोमध बसवलेला एक डबा, त्याला तळहाताएवढा पडदा. उजव्या कोपऱ्यात एकात एक बसवलेली दोन चाकं. बाहेरचं मोठं चाक फिरवलं की कर्सर पुढच्या घरात जातो. आतलं लहान चाक फिरवलं की त्या घरातला आकडा बदलतो. एखादं नवं ठिकाण भरायचं म्हणजे अक्षांश आणि रेखांशाचा एकेक आकडा असा फिरवून बसवायचा. मग एंटर दाबायचं. मग बाणाचं चिन्ह असलेलं बटण, आणि पुन्हा दोनदा एंटर. एवढं झालं की पडद्यावर एक रेघ येते: तुम्ही इथे, ठिकाण तिथे, मधलं अंतर इतकं. रेघ सरळ असते. मधे डोंगर आहे की तार, हे त्या डब्याला ठाऊक नसतं. त्याला फक्त आकडे ठाऊक असतात, आणि तेही आपण दिलेले.

आमच्या डब्यात अक्षांश असा भरायचा: आधी अंश, मग मिनिटं, मग टिंब, मग दोन आकडे. टिंबानंतरचे दोन आकडे म्हणजे मिनिटाचे शंभर भाग. नकाशावर आणि मोबाइलवर पुष्कळदा वेगळी रीत असते. तिथे मिनिटानंतर सेकंद येतात, म्हणजे मिनिटाचे साठ भाग. तेही दोनच आकडे. दिसायला दोन्ही सारखे. उड्डाणं ठरवणाऱ्या ऑप्स रूममधून आमच्याकडे येणारी ठिकाणांची यादी नेहमी शंभराच्या हिशेबात बदलून आलेली असे. नऊ वर्षांत मला एकदाही ती बदलावी लागली नाही.

यादी वाचायचीही आमची एक रीत होती. मागे बसलेला माणूस जोडीजोडीने आकडे वाचायचा. पुढे बसलेला को-पायलट चाकं फिरवायचा. भरून झालं की तो पडद्यावरून उलट वाचायचा आणि मागचा 'करेक्ट' म्हणायचा. अंश, मिनिट हे शब्द कोणी उच्चारत नसे. इंजिन सुरू असताना हेडसेटवर जितके कमी शब्द तितकं बरं, असं आम्हाला शिकवलं होतं. आम्ही त्यात पटाईत होतो. सहा ठिकाणं दोन मिनिटांत भरायचो. नवीन आलेले अधिकारी बघत राहायचे.

कॅप्टन बिष्ट आमच्याकडे आले तेव्हा पंचवीस वर्षांचे होते. उत्तराखंडातले, शाळामास्तरांचा मुलगा. माझ्याजवळ नेहमी एखादं पुस्तक असायचं. ते विचारायचे, "आज क्या पढ़ रहे हो, खिल्लारे?" मराठी असलं तर एक पान मोठ्याने वाचायला लावायचे आणि एक शब्द उचलायचे. पुस्तकातले शब्द त्यांच्याकडे टिकले नाहीत. टिकला तो माझ्या तोंडचा, 'काहून'. इंधन उशिरा आलं, काहून? हवामान बिघडलं, काहून? मेजर सूद एकदा रागावून म्हणाले, "बिष्ट, ये काहून क्या होता है?" बिष्ट साहेब म्हणाले, "सर, हिंगोली का प्रश्नचिह्न."

त्या सप्टेंबरात मराठवाड्यात सलग पाच दिवस पाऊस झाला. पूर्णेला पूर आला. सोमवारी दुपारी आम्हाला हुकूम मिळाला: हिंगोलीला जा, जिल्हा प्रशासनाच्या मदतीला राहा. १६४० वाजता आम्ही गावाबाहेरच्या एका मैदानावर उतरलो. तोवर पंधरा वर्षं मी सुट्टीवर घरी येत होतो तो रेल्वेने आणि एसटीने. माझ्याच जिल्ह्यात युनिफॉर्मवर, हेलिकॉप्टरमधून उतरण्याची ही पहिली वेळ. मला त्याचा अभिमान वाटला. तेही लिहून ठेवतो.

माझा थोरला भाऊ साखऱ्याहून मोटरसायकलवर भिजत आला. भाकरी, ठेचा, पिठलं घेऊन. हेलिकॉप्टरभोवती एक फेरी मारून म्हणाला, "उत्तम, हे लई लहान दिसून राहिलं रे. आपल्या ट्रॉलीत मावंल."

"ट्रॉली उडते का, दादा?"

"उडत न्हाई. पर त्यात वीस माणसं बसतेत. ह्यात किती?"

"दाटीवाटीनं चार."

"मंग कशाला आणलं?"

बिष्ट साहेबांनी ठेचा भाकरीला लोण्यासारखा फासला आणि पहिल्याच घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तांब्याभर पाणी प्यायल्यावर ते दादाला म्हणाले, "भाऊ, काहून?" दादा इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. कॅप्टनचा चेहरा आठवायचा म्हटलं की मला पहिला हा आठवतो. नंतरचा आठवू नये म्हणून मी प्रयत्न करतो.

मंगळवारी पहाटेपासून ढग खाली होते. ०७१० वाजता माझ्या फोनवर तहसीलमधून फोन आला. बोलणारे एक तलाठी होते. आमच्यात मराठी जाणणारा मी एकटा, म्हणून आदल्या दिवशीच माझा नंबर दिलेला होता.

"हवालदार साहेब, नदीकाठच्या वस्तीवर अकरा माणसं छतावर हायती. दोन लेकरं हायेत त्यात. पाणी चढून राहिलं."

"ठिकाण सांगा."

"छतावरच्या एकानं मोबाइलवरून आकडे धाडले. लिहून घ्या. एकोणीस, पस्तीस, अठ्ठेचाळीस. शहात्तर, चोपन्न, बेचाळीस."

मी खिशातल्या वहीत पेन्सिलीने लिहिलं आणि परत वाचून दाखवलं.

"बराबर," ते म्हणाले. "लवकर निघा. तकलीफ हाये तिथं."

त्यांनी सांगितलं ते बरोबर होतं. मी लिहिलं तेही बरोबर होतं. त्यांनी आकडे जोडीने सांगितले, जसा आपण फोन नंबर सांगतो. आणि आमची रीत जोडीचीच होती.

०७३१ ला इंजिन सुरू झालं. मेजर सूद उजव्या सीटवर, मुख्य वैमानिक. कॅप्टन बिष्ट डाव्या, को-पायलट. मी मागे डाव्या दारापाशी, कमरेला पट्टा. मी वही उघडली.

"वन नाइन. थ्री फाइव्ह. फोर एट."

बिष्ट साहेबांनी चाकं फिरवली.

"सेव्हन सिक्स. फाइव्ह फोर. फोर टू."

त्यांनी पडद्यावरून उलट वाचलं. वन नाइन, थ्री फाइव्ह, फोर एट. सेव्हन सिक्स, फाइव्ह फोर, फोर टू.

"करेक्ट," मी म्हणालो.

त्यांनी नकाशावर पट्टी ठेवून दिशा आणि अंतर पाहिलं. दोन्ही जुळत होतं. तीस किलोमीटरच्या अंतरात पाऊण किलोमीटरचा फरक पट्टीवर दिसत नाही. ०७३६ ला आम्ही उडालो.

सगळीकडे पाणीच होतं. रस्ते तुटक दिसत होते. कुठे बाभळीचे शेंडे, कुठे एखाद्या देवळाचा कळस. पाऊस काचेवर आडवा येत होता. पुढचं एक किलोमीटरही नीट दिसत नव्हतं. आम्ही तीनशे फुटांवर होतो. बिष्ट साहेब अंतर वाचत होते. दोन. एक. पॉइंट फाइव्ह.

"सर, ओव्हरहेड."

खाली वस्ती नव्हती. पाणी, झाडांचे शेंडे आणि पाण्याबाहेर आलेलं पत्र्याचं एकच छप्पर. छपरावर कोणी नव्हतं. मेजरांनी एक चक्कर घेतली.

"बिष्ट, चेक करो."

"सर, जीपीएस पे तो यही है."

"खिल्लारे, लेफ्ट?"

"कोई नहीं दिख रहा, सर."

दुसरी चक्कर. मला त्या छपराखाली भिंतीत एक खिडकी दिसली. मी तसं सांगितलं. बिष्ट साहेब म्हणाले, "सर, अंदर फँसे होंगे. बच्चे हैं साथ में." पाणी खिडकीच्या खालपर्यंत आलेलं होतं. मेजर म्हणाले, "गोइंग लो. दोनों बाहर देखो."

ती मोटारीची खोली होती, शेतीचं पाणी उपसायची. आज हे मला माहीत आहे. आम्हाला माणसं हवी होती म्हणून आम्ही तिला घर समजलो. मोटारीची खोली म्हटली की तिथवर वीज आलेली असते, आणि वीज आली की तारा असतात. ज्या खांबांवर त्या तारा होत्या त्यातले बरेच पुराने कलून झाडांत लपले होते. पाणी राखाडी, आभाळ राखाडी, तार राखाडी.

मला एक खांब दिसला. वाकडा, डावीकडे पुढे. मी इंटरकॉमचं बटण दाबलं आणि म्हणालो, "पोल, लेफ्ट".

वाक्यात पुढे 'सर' होतं. ते बोलायच्या आत तार लागली.

आवाज मोठा नव्हता. लोक विचारतात, म्हणून सांगतो. चटकन काही तुटल्यासारखा, मग पात्यांचा, मग पाणी. हेलिकॉप्टर डाव्या कुशीवर पडलं. पाणी छातीभर होतं. मी दारातून बाहेर फेकला गेलो आणि पट्ट्याने अडकून राहिलो. पट्टा सोडला. उजव्या बाजूचं दार आता वर आभाळाकडे होतं. मेजर सूद त्यातून अर्धे बाहेर आले होते, पाय हलत नव्हते. त्यांना ओढून काढलं आणि त्या खोलीच्या पत्र्यावर टेकवलं. मग मी परत आत गेलो. तीन वेळा गेलो.

बिष्ट साहेबांची सीट खाली होती, पाण्यात. तार त्यांच्याच बाजूने आत आली होती. पहिल्या खेपेला मी पट्टा कापला. दुसऱ्या खेपेला खांदे धरले. तिसऱ्या खेपेला मला कळलं की घाई करायचं कारण उरलेलं नाही. यापेक्षा जास्त लिहिणार नाही.

पण एक गोष्ट लिहायला हवी. पॅनलचा वरचा भाग पाण्याबाहेर होता आणि डबा चालू होता. पडद्यावर ठिकाणाचं नाव होतं, त्याखाली अंतर: 0.0. आपण पोहोचलो आहोत असं ते यंत्र सांगत होतं. मी छातीभर पाण्यात उभा राहून ते शून्य किती वेळ पाहत होतो, मला सांगता येत नाही. मग सवयीने हात वर गेला आणि मी बॅटरीचा स्विच बंद केला. शटडाउनच्या चेकलिस्टमधली ती शेवटची ओळ आहे.

पंचवीस मिनिटांनी धरणावरचे मच्छीमार थर्माकोलचे तराफे घेऊन आले. त्यांनी आम्हाला काठावर नेलं. बिष्ट साहेबांना त्यांनीच बाहेर काढलं. त्याच दिवशी दुपारी, पाऊस उघडल्यावर, त्याच माणसांनी त्याच तराफ्यांवरून वस्तीवरच्या अकराही जणांना उतरवलं. वस्ती आमच्यापासून ईशान्येला सातशे सत्तर मीटरवर होती. मधे एक आमराई होती.

मला खांद्याला मार होता. चूक कुठे झाली, हे मला सैनिकी इस्पितळात चौथ्या दिवशी कळलं. कोणी सांगितलं नाही. वही माझ्या शर्टाच्या खिशात होती, नर्सने वाळवून उशीखाली ठेवली होती. पेन्सिलीचं लिखाण पाण्याने जात नाही. मी ते सहा आकडे पाहत पडलो होतो आणि माझ्या मनाने आपोआप विचारलं: अठ्ठेचाळीस काय?

मी उठून बसलो. शेजारच्या खाटेवरचा जवान म्हणाला, "क्या हुआ?" अठ्ठेचाळीस सेकंद म्हणजे मिनिटाच्या शंभर भागांतले ऐंशी भाग. आम्ही अठ्ठेचाळीस भरले. मी वाचले, त्यांनी भरले, त्यांनी वाचले, मी 'करेक्ट' म्हणालो. चारही वेळा आकडे बरोबर होते.

तोपर्यंत एका वर्तमानपत्रात छापून आलं होतं की सहवैमानिकाने चुकीचं ठिकाण भरलं. यंत्र हाती लागलं होतं, त्याच्या मेमरीत ते ठिकाण होतं, आणि भरलं कोणी तर सहवैमानिकाने. दिसायला ते खरंच होतं.

आमच्या युनिटचे सुभेदार यादव मला भेटायला आले. माझ्या भल्याचाच विचार करणारे गृहस्थ. दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "खिल्लारे, इंक्वायरी में जितना पूछें उतना बोलना. वो डायरी कहाँ है?"

"मेरे पास है, साहब."

"पानी में बह गई, बोल दे. बिष्ट साहब का अब कुछ बिगड़ना नहीं है. तेरा बिगड़ेगा. घर में दो बच्चियाँ हैं."

मी तीन दिवस विचार केला. केला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. मुलींचा विचार केला, नोकरीचा केला. सुभेदार साहेबांचं म्हणणं मला पटतही होतं. मेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही. फक्त त्याचं नाव एका कागदावर येतं आणि तो कागद त्याच्या घरी जातो.

कोर्ट ऑफ इंक्वायरीत समोर तीन अधिकारी होते. मी वही टेबलावर ठेवली.

"ये नंबर किसने लिखे?"

"मैंने, सर."

"कॅप्टन बिष्ट को किसने पढ़कर सुनाए?"

"मैंने, सर."

"युनिट बताया? सेकंड या डेसिमल?"

"नो, सर."

"उन्होंने पूछा?"

"नो, सर. हमारे यहाँ कोई नहीं पूछता."

अध्यक्ष असलेल्या कर्नल साहेबांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "क्यों नहीं पूछता?"

"लिस्ट हमेशा कन्व्हर्ट होकर आती है, सर."

तिघांपैकी दोघे वैमानिक होते. मला वाटतं, आपणही असंच वाचत आलो हे त्यांना त्या क्षणी आठवलं असावं.

मेजर सूदांनी इस्पितळातून लेखी जबाब दिला होता, दोनच ओळींचा: हेलिकॉप्टरचा कप्तान मी होतो, खाली उतरण्याचा निर्णय माझा होता. निष्कर्षात चूक कोणा एकाची धरली नाही, पद्धतीची धरली. मला सिव्हिअर रेप्रिमांड, म्हणजे कडक ठपका, मिळाला. तो माझ्या कागदांवर आहे आणि असू द्यावा. त्यानंतर आमच्याकडे आकडे वाचताना प्रत्येक आकड्यापुढे त्याचं माप मोठ्याने बोलायचा नियम झाला. दीड वर्षाने मी निवृत्त झालो.

घरी आल्यावर पहिल्या हिवाळ्यात एक फोन आला. हिंदीत बोलणारा सावकाश आवाज. "मी ललितचा बाप बोलतो. मी वाशीमपर्यंत आलो आहे."

मी कनेरगाव नाक्यावर त्यांना घ्यायला गेलो. बसमधून उतरले तेव्हा हातात कापडी पिशवी, अंगात स्वेटर, बिष्ट साहेबांसारखाच जबडा. आम्ही रस्त्याकडेच्या ढाब्यावर बसलो. मी त्यांना मास्टरजी म्हटलं. ते जे बोलले ते मी मराठीत लिहितो.

"निष्कर्षाचा कागद मला मिळाला," ते म्हणाले. "त्यात लिहिलं आहे, मापाच्या पद्धतीत गफलत. मला इंग्रजी कळतं. गफलत कळली नाही. तुम्ही करून दाखवा."

मी वर्तमानपत्राच्या कडेला पेनने पडदा काढला. चाकं काढली. कर्सर कसा सरकतो ते दाखवलं. त्यांनी माझ्या हातातून पेन घेतलं, अठ्ठेचाळीसला साठने भागलं, बेचाळीसला साठने भागलं. दोन्ही उत्तरांखाली दोन रेघा ओढल्या, फळ्यावर ओढतात तशा.

"हे मी सातवीला शिकवायचो," ते म्हणाले. "ललित माझ्याच वर्गात होता."

ढाब्यावरचा माणूस येऊन म्हणाला, "चहा थंड होऊन राहिला ना, काका. दुसरा आणू?" आम्ही दोघांनी एकदमच मान हलवली. त्याला काय समजायचं ते कळलं नाही, तो दुसरा चहा घेऊन आला.

मास्टरजींनी विचारलं, "तुम्ही वही दाखवली नसती तर?"

"तर त्यांच्या एकट्याच्या नावावर राहिलं असतं."

"आणि दाखवली म्हणून?"

"दोघांच्या नावावर आहे."

ते म्हणाले, "अर्धं तर अर्धं." मग म्हणाले, "तुम्हाला माफ करायला आलो नाही. बघायला आलो." मी म्हणालो, "होय, मास्टरजी."

त्यांना ती जागा पाहायची होती. दादाने जीप आणली. पाणी उतरलेलं, रानात हरभरा. मोटारीच्या खोलीशी ते थोडा वेळ उभे राहिले, भिंतीला हात लावला नाही. मग म्हणाले, "आणि ती माणसं?"

वस्तीवर गयाबाई भेटल्या. छतावरच्या अकरांत त्या सगळ्यांत थोरल्या. कोण आले आहेत हे मी सांगितल्यावर त्यांनी बाज टाकली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खाली जमिनीवर बसल्या. त्या बोलत होत्या, मी हिंदीत सांगत होतो.

"आमाला दिसत होतं ना, बाप्पा. आवाज आला अन् आमी समदे उभे राहिलो. माझं लाल लुगडं काढून काठीला बांधलं. लेकरं ओरडून राहिली. इमान तिकडं आमराईच्या पल्याड फिरून राहिलं. एक चक्कर, दोन चक्कर."

"मग?" मास्टरजींनी विचारलं.

गयाबाई माझ्याकडे पाहत राहिल्या. सांगावं की नाही, असं ते पाहणं होतं.

"सांगा, मावशी," मी म्हणालो.

"मंग आमी लुगडं खाली घेतलं. आमाला वाटलं, तिकडं बी कोणी अडकलंय. त्याईला आधी काढून राहिले. ह्यो म्हणला, वरडू नका, त्याईचं होऊ द्या, मंग येतीन." ह्यो म्हणजे त्यांचे मालक. ते दारात उभे होते, त्यांनी मान खाली घातली. "मंग आवाज बंद झाला."

मला हे माहीत नव्हतं. सव्वादोन वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी विचारायला आलो नव्हतो. साखऱ्याहून इथवर दोन तासांचीही वाट नाही. मास्टरजींना हिंदीत सांगायचं होतं. मी दादाकडे पाहिलं. दादाने ते सांगितलं, त्याच्या मोडक्यातोडक्या हिंदीत.

मास्टरजींनी विचारलं, "लेकरं कुठे आहेत?"

"शाळंत गेली," गयाबाई म्हणाल्या. "एक तिसरीत, एक पाचवीत. येतीन आता. थांबता का?"

ते थांबले. साडेपाचपर्यंत थांबले. दोन्ही मुलं आली. एकीला त्यांनी पाढे विचारले आणि एकोणीसच्या पाढ्यात ती अडखळली तेव्हा ते हसले. त्यांचं हसू मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. मी जीपजवळ जाऊन उभा राहिलो.

त्यालाही आता दोन वर्षं होत आली.

मोटारीच्या खोलीवरची तार बदलली. नवे खांब उंच आहेत. वस्तीवर आता तेरा माणसं राहतात. मेजर सूद हिमाचलात त्यांच्या गावी असतात, काठी घेऊन चालतात, कधीतरी पत्र लिहितात. साखऱ्यात मी सकाळी शेत पाहतो आणि दुपारी गावचं वाचनालय उघडतो. मास्टरजी महिन्यातून एकदा फोन करतात. ते तिकडचा बर्फ सांगतात, मी इकडचं ऊन सांगतो. ललितबद्दल आम्ही बोलत नाही.

कॅप्टन ललित बिष्ट सत्तावीस वर्षांचे होते. अकरा माणसांना आणायला निघाले होते. ती अकरा माणसं आहेत. ते नाहीत.